आधी सांगा, कुठला मण?

ठाण्याहून सुटलेली लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला पोचते ते अंतर वीसेक किलोमीटरांचे. एवढ्या पट्ट्यात एकाच दिवशी सोने तोळ्यात घेतले जाते, वाळू ब्रासमध्ये उतरते, सळई टनात येते, भात क्विंटलमध्ये विकला जातो, बॉयलरवर ‘सात किलो’ दाब दिसतो आणि स्कूटरच्या चाकात ‘तीस पाउंड’ हवा भरली जाते. यातल्या कुणाचेही आपापल्या जागी काही अडत नाही. घोटाळा होतो तो एका जागचा आकडा उचलून दुसऱ्या जागी नेताना.

तसा आकडा नेण्यासाठी कोष्टके आहेत, आता तर ती मोबाइलमध्येच असतात. ‘एक मण म्हणजे किती किलो?’ असे विचारले की उत्तर येते ३७.३२. उत्तर बरोबर आहे, प्रश्न अपुरा आहे. मुंबईचा मण १२.७ किलोचा होता, मद्रासचा ११.३४ किलोचा, आणि भात मापायचा मण तर वजनाचा नव्हताच. रूपांतर म्हणजे गुणाकार, असे शाळेत आपल्या डोक्यात बसते. गुणाकार हा त्यातला सोपा भाग. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: हे एकक कुठल्या गावचे आणि कुठल्या काळचे, आणि ते खरोखर वस्तुमान मोजते, की आकारमान, की बल? कोष्टकाला हे प्रश्न विचारता येत नाहीत. ते आपणच विचारायचे.

रुपयाने तोललेला शेर

सुरुवात सोन्यापासून करू, कारण तिथे चूक महागात पडते. ठाण्याच्या राम मारुती रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर सराफाच्या दुकानात गिऱ्हाईक अजून ‘दोन तोळ्यांचं मंगळसूत्र दाखवा’ असेच म्हणते. सराफही तोळाच म्हणतो, पण बिलावर ग्रॅम लिहितो. त्याच्या तोंडचा तोळा बरोबर १० ग्रॅमचा असतो. आजीच्या तोंडचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता.

हा जुना तोळा तरी किती जुना? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगाव वेगळे तोळे आणि वेगळे शेर होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये बंगालसाठी नियम करून तोळा १८० ग्रेनचा ठरवला. दोन वर्षांनी कंपनीचा रुपया निघाला, तोही नेमका १८० ग्रेनचा. म्हणजे खिशातले नाणे हेच वजन झाले. वाण्याच्या वजनाबद्दल शंका आली तर दुसऱ्या पारड्यात रुपये टाकून बघायची सोय झाली: ८० रुपये म्हणजे एक पक्का शेर. पुढे शंभराहून अधिक वर्षे राजे-राणीचे मुखवटे बदलले, चांदीतली भेसळ वाढली, पण रुपयाचे वजन तेच राहिले.

आता पुढचा हिशेब पाहा. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, म्हणजे मणात ३,२०० तोळे. त्यांचे ग्रेन होतात ५,७६,०००. सोन्याचांदीसाठी इंग्रज जो ट्रॉय पाउंड वापरत त्यात ५,७६० ग्रेन असतात. म्हणजे हा ‘पारंपरिक’ मण नेमका १०० ट्रॉय पाउंडांचा आहे. किलोग्रॅममध्ये ३७.३२४२ आणि साध्या पाउंडात ८२ पूर्णांक दोन सप्तमांश असे ओबडधोबड आकडे दिसतात म्हणून तो ऋषिमुनींच्या काळापासून घरंगळत आला असावा असे वाटते. खरे तर तो कलकत्त्याच्या टांकसाळीत बसून नीट आखलेला मण आहे. तिथले अस्सेमास्तर जेम्स प्रिन्सेप यांनी १८३४ मध्ये हिंदुस्थानातल्या नाण्यांची आणि वजनांची कोष्टके छापली, ती त्यानंतर पिढ्यान् पिढ्या वापरात राहिली.

रोजच्या बाजारात मात्र हिशेब शेराच्या खाली चाले. ५ तोळे म्हणजे छटाक, १० तोळे नवटाक, २० तोळे पावशेर, ४० तोळे अच्छेर. मुंबई-ठाण्याकडे यातले नवटाक आणि पावशेर हे शब्द वाण्याकडून उठून दारूच्या गुत्त्यावर गेले आणि तिथेच जास्त टिकले. १९६०-७० च्या दशकांत आखाताकडून चोरट्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर उतरणारी सोन्याची बिस्किटे दहा तोळ्यांची असत, म्हणजे ११६.६४ ग्रॅमची. युरोपातल्या शुद्धीकरण कारखान्यांतून ओतून निघालेले ते बिस्कीट वजनाने चक्क एक नवटाक होते. तोळा हा ट्रॉय औंसाचा बरोबर तीन-अष्टमांश असल्यामुळे त्यांना ते ओतायला अडचणही नव्हती: पावणेचार औंस.

घराघरांत या सगळ्याशी गाठ पडते ती जुन्या कागदांमुळे. १९५० च्या आसपासच्या लग्नाच्या यादीत ‘वीस तोळे सोने’ असे लिहिलेले असते. ते २३३ ग्रॅम होतात, म्हणजे आजच्या बोलीत सव्वातेवीस तोळ्यांहून थोडे जास्त. दागिना समोर असला तर काटा निकाल लावतो. पण बहुतेक वेळा दागिना केव्हाच मोडून गेलेला असतो आणि वाटणीला बसल्यावर उरतो तो कागद. मग एक भाऊ २०० ग्रॅम धरतो, बहीण २३३ धरते, आणि दोघेही तोळ्याची शपथ घेतात. १९५८ च्या आधीचा कागद असेल तर बहिणीचे बरोबर.

तोळ्याच्या खाली मासे आणि गुंजा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा आणि गुंज साधारण ०.१२१५ ग्रॅमची. वेलीवरच्या लाल-काळ्या बिया प्रत्यक्षात एकसारख्या वजनाच्या नसतात, त्यामुळे सराफाची गुंज ही कागदावरची गुंज. बी फक्त नावापुरते. (बी विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नये.) उत्तरेकडे हिलाच रत्ती म्हणतात, आणि इथे अजून एक फट आहे. ज्योतिषाने ‘सव्वापाच रत्तीचा पुष्कराज’ सांगितला की रत्नवाले विचारतात: कच्ची की पक्की? सोनारी रत्ती ०.१२१५ ग्रॅमची, रत्नांच्या बाजारातली पक्की रत्ती तिच्या दीडपट, ०.१८२ ग्रॅमची. पहिलीने तो खडा ३.२ कॅरटचा होतो, दुसरीने ४.८ कॅरटचा. ग्रहांना यातला कुठला चालतो ते मला सांगता येणार नाही, पण किमतीत फरक पडतो हे नक्की.

मणातला मण, खंडीतली खंडी

मुंबई इलाख्यात १८३३ नंतरही मुंबईचा आपला मण चालूच राहिला. तो २८ पाउंडांचा, त्यात ४० शेर. म्हणजे मुंबईचा शेर ०.७ पाउंडाचा, ३१७ ग्रॅमचा, पक्क्या शेराच्या जेमतेम एक-तृतीयांश. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोचला. रेल्वेने देशभर मालाचे भाडे ज्या मणावर लावले तो ८२ पाउंडांचा मण, म्हणून त्याला रेल्वे मण असेही नाव पडले. भाड्याचा दर असे ‘मणामागे, मैलामागे इतक्या पै’. मुंबईच्या मणात विचार करणाऱ्या व्यापाऱ्याला तिप्पट मोठ्या मणाशी असा संसार करावा लागला.

वीस मणांची खंडी हे सूत्रही सगळीकडे चालत नसे. मुंबईची साधी खंडी २० मणांची, म्हणजे ५६० पाउंडांची. पण कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ पाउंडांची. आणि हे इतिहासजमा झालेले नाही. कापसाचे भाव देशात आजही खंडीत बोलले जातात, आणि ती खंडी ३५५.६२ किलोची असते, व्यवहारात ३५६ धरतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर चढणाऱ्या सुताची किंमत जिथून सुरू होते तिथे अजून एकोणिसाव्या शतकातला मुंबईचा मण बसलेला आहे: २८ पाउंड गुणिले २८.

धान्याची गोष्ट आणखी वेगळी. मुरबाड-शहापूरकडच्या जुन्या माणसांना पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही उतरंड पाठ असते: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वर कुठे बारा तर कुठे सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. शब्द वजनाचेच आहेत, पण मोजणी भांड्याने. समजा एका पायलीत चार लिटर मावतात. तांदूळ भरला तर सव्वातीन किलोच्या आसपास जातो. टरफलासकट भात भरला तर सव्वादोन-अडीच किलो. त्यात माप शिगेचे की सपाट, हा वेगळा वाद. तेव्हा ‘आमच्याकडे पूर्वी दहा खंडी भात पिकायचा’ या वाक्याचे किलो करायला बसू नये, निदान कुठली पायली आणि शीग होती की नाही हे कळल्याशिवाय. आज आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर तोच भात क्विंटलने घेतला जातो, म्हणजे मापाचे वजन झाले. एका पिढीने पिकाचा अंदाज बांधायची भाषाच बदलली, आणि त्याची फारशी नोंद कुणी घेतली नाही.

या गोंधळाचा वैताग आलेले लोक इंग्रजांतही होते. दक्षिण कोकणची मोजणी केलेले लष्करी अभियंते थॉमस बेस्ट जर्व्हिस यांनी १८३६ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापून सगळ्या हिंदुस्थानासाठी शास्त्रीय पायावर एकच वजनमाप आणि नाणेपद्धती आणावी असा आग्रह धरला. कोकणातल्या तालुक्यातालुक्याला वेगळे माप बघितलेला माणूस हे म्हणणारच. प्रत्यक्षात ते व्हायला सव्वाशे वर्षे गेली. १९५६ मध्ये वजनमापांच्या मानकांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत मेट्रिक वजने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत ती देशभर सक्तीची झाली.

त्या काळात दुकानदाराने डोक्यात ठेवायचे सूत्र एकच होते: किलोत ८५.७ तोळे, म्हणजे शेरापेक्षा पावणेसहा तोळे जास्त. शेराचा भाव १४ आणे असेल तर किलोचा १५. इतका जवळचा फरक हा खरे तर नव्या पद्धतीचा सर्वांत मोठा मित्र ठरला. शेर आणि किलो एकमेकांच्या सात टक्क्यांच्या आत नसते, तर बदल इतक्या निमूटपणे झाला असता असे मला वाटत नाही. पावशेराच्या जागी पाव किलो बसला आणि लोकांच्या हाताचा अंदाज फारसा बिघडला नाही.

ब्रास आणि ओली वाळू

२००९ च्या वैधमापन कायद्यात प्रमाणित एककाशिवाय दुसऱ्या एककात भाव सांगायला मनाई आहे. त्यामुळे सराफाच्या जाहिरातीत १० ग्रॅमचा भाव असतो. पण राज्य सरकार स्वतः गौण खनिजाचे स्वामित्वधन ब्रासवर घेते, आणि २०२३ च्या वाळू धोरणात जाहीर झालेला दरही ‘६०० रुपये ब्रास’ असाच होता. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ना मेट्रिक, ना वजन. महाराष्ट्राच्या बांधकामावर मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही.

ठाण्याची आणि उल्हास नदीची खाडी ही वाळूची जुनी खाण. मुंब्र्याचे रेतीबंदर, कल्याणचे रेतीबंदर ही नावे तिथूनच पडली. खाडीतून उपसलेली वाळू पाणी गाळत येते. सक्शन पंप लावून चाललेल्या बेकायदा उपशावर महसूल खात्याच्या कारवायांच्या बातम्या आपण वाचतो, त्यातही जप्त माल ब्रासमध्येच सांगितलेला असतो. त्या ब्रासचे टन किती?

सुकी, सैल वाळू घनमीटरला साधारण दीड ते एक पूर्णांक सहा टन भरते, म्हणजे ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन. पण वाळू सुकी नसते. वाळू दमट झाली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांपासून लांब धरले जातात. वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान पंचवीस टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढू शकते. गंमत म्हणजे आणखी पाणी ओतून ती पूर्ण बुडवली की ती परत खाली बसते, जवळपास सुक्या वाळूइतकीच जागा घेते. म्हणून साइटवरचा जुना मुकादम पारदर्शक भांड्यात वाळू भरतो, पाणी घालून ढवळतो आणि पातळी किती उतरली ते बघतो. २५ सेंटिमीटरांची २० झाली, तर वाळू पाव भाग फुगलेली होती.

याचा हिशेब मांडून बघू. पंचवीस टक्के फुगलेल्या वाळूचा एक ब्रास ट्रकमध्ये आला. त्यात खरी सुकी वाळू ८० घनफुटांइतकीच. तिचे वस्तुमान साधारण ३.६ टन, वर पाच टक्के पाणी ०.१८ टन. वजनकाट्यावर ट्रक भरेल ३.८ टन. मालकाने पैसे दिले साडेचार टनांच्या हिशेबाचे. फसवणूक कुणी केली असेल असेही नाही. ब्रास पुरा भरलेला आहे, घनफळ टेपने मोजून बघा. आता हाच माल वजनाने घेतला असता तर पाण्यामुळे नुकसान पाच टक्क्यांचे झाले असते, वीस टक्क्यांचे नव्हे. दोन्ही पद्धती फसतात, पण सारख्या फसत नाहीत. घोडबंदर रोडच्या किंवा कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूला दिसणारे तयार काँक्रीटचे प्लांट म्हणूनच वाळू तोलून घेतात आणि ओलाव्याची वजावट वेगळी करतात.

लहान बांधकामावर मात्र अजून घमेले आणि गोणीच चालते. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे सव्वा घनफूट, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. ही गोणी पूर्वी हंड्रेडवेटची, म्हणजे ११२ पाउंडांची होती, ५०.८ किलोची. तेव्हाही टनाला वीस गोण्या, आजही टनाला वीस. तेव्हाचा टन २,२४० पाउंडांचा ब्रिटिश टन, १,०१६ किलोचा. आजचा १,००० किलोचा. अमेरिकी टन २,००० पाउंडांचा, ९०७ किलोचा. आयात भंगाराच्या किंवा यंत्राच्या कागदावर नुसते ‘टन’ लिहिले असेल तर कुठला टन हे विचारायला लाजू नये. मधला फरक शंभर किलोंच्या वर आहे.

सळईचे वजन काढायचे सूत्र बांधकामावर सगळ्यांना पाठ: व्यासाचा वर्ग भागिले १६२. व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर मीटरला किलो. हे १६२ आकाशातून पडलेले नाही. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो, वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय भागिले चार गुणिले व्यासाचा वर्ग. एकत्र केले की १६२.२ उरते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, बारा मीटरचा तुकडा पावणेअकरा किलोंच्या आत. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘चार सुताची सळई’ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, दुकानदार त्या नावाखाली बारा मिलिमीटरची देतो. फरक पाऊण मिलिमीटरही नाही, कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. पण सूत्रात व्यासाचा वर्ग आहे. अर्ध्या इंचाची मीटरला जवळजवळ एक किलो, बाराची ०.८९, अकरा टक्के लोखंड कमी. नाव जुने ठेवून माल नवा दिला की असे होते.

रुळांचे रूपांतर त्यामानाने सरळ. रेल्वेचा जुना ९० आर रूळ म्हणजे यार्डाला ९० पाउंड. पाउंडाचे किलो करताना ०.४५३६ ने गुणायचे, यार्डाचे मीटर करताना ०.९१४४ ने भागायचे. दोन्ही मिळून होते ०.४९६. म्हणजे आकडा निम्मा करा, काम झाले: मीटरला ४४.६ किलो. आज मुख्य मार्गांवरचे रूळ ५२ आणि ६० किलोचे.

‘सात किलो’ कशाचे?

इथवर सगळी एकके निदान काहीतरी किती आहे हे सांगत होती. डोंबिवली एमआयडीसीत बॉयलरजवळ उभे राहिले की परिस्थिती बदलते. ‘प्रेशर सात किलो ठेव,’ असे ऑपरेटर मदतनिसाला सांगतो. हे किलो वस्तुमान नाहीत, बल आहेत: चौरस सेंटिमीटरवर सात किलोग्रॅम वस्तू ठेवल्यावर जेवढा भार पडेल तेवढा. शंभर पाउंडांचा दाब म्हणजे ७.०३ किलो, त्यामुळे जुन्या इंग्रजी गेजवरचा शंभरचा आकडा आणि नव्या गेजवरचा सात जवळपास एकाच जागी येतात. टायरवाल्याचे ‘तीस’ हेही बलच, चौरस इंचावर तीस पाउंड.

वस्तुमान आणि भार एकच आकडा घेऊन फिरतात, आणि रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्पष्ट केले की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, आणि भाराचा हिशेब करताना प्रमाणित गुरुत्व त्वरण ९.८०६६५ धरावे. पण पृथ्वी परिषदेचे ऐकत नाही. ठाण्याच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला हे त्वरण साधारण ९.७८६ आहे, लंडनला ९.८१२.

सराफाकडे दोन पारड्यांचा तराजू होता तोवर याची फिकीर नव्हती, कारण दोन्ही पारड्यांवर एकच गुरुत्व काम करते. आजचा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र बल मोजतो आणि त्याला ठरावीक आकड्याने भागून ग्रॅम दाखवतो. लंडनमध्ये जुळवलेला काटा तसाच आणून डोंबिवलीत लावला तर तो १०० ग्रॅम सोने ९९.७३ दाखवील. पाव ग्रॅमहून जास्त सोने हवेत गेले, आणि चोर कुणीच नाही. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच, त्याच गावच्या गुरुत्वात, प्रमाणित वजन ठेवून जुळवावा लागतो. वैधमापन निरीक्षकाच्या पडताळणीत आणि मुद्रांकनात हेही तपासले जाते. त्या प्रमाणित वजनांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जिथे किलोग्रॅमचा ५७ क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियम ठोकळा आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून हलून प्लांकच्या स्थिरांकावर गेली, पण सराफाच्या काट्याला त्याने काही फरक पडला नाही.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा, भाग. ठाण्यातल्या काचेच्या इमारतींत बसून अमेरिकी कंपन्यांसाठी पंप, वाल्व्ह, गिअरबॉक्स यांचे संगणकावर आरेखन करणारे शेकडो इंजिनिअर आहेत. शाळा-कॉलेजात ते किलोग्रॅम-न्यूटनमध्ये वाढलेले असतात, आणि समोर येते पाउंड-इंचाचे जग. तिथे पाउंड हे बल धरतात. न्यूटनच्या नियमाने बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. मग एक पाउंड बलाने ज्याला सेकंदाला सेकंदाला एक फूट त्वरण मिळेल ते वस्तुमान कुठले? ३२.१७४ पाउंडांचे. त्याला स्लग म्हणतात. किलोग्रॅममध्ये १४.५९. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचे तर मुंबईच्या मणाहून जेमतेम पंधरा टक्के जड.

मेट्रिक अभियंत्यांनीही स्वतःसाठी असाच एक स्लग केला होता: किलोग्रॅम-बल धरून चालले की वस्तुमानाचे एकक ९.८०६६५ किलोचे होते. जुन्या जर्मन पुस्तकांत ते भेटते. आणि फुटाऐवजी इंचात काम केले तर स्लगही पुरत नाही. बारा स्लगांचे एकक लागते, १७५ किलोचे. त्याला धड सर्वमान्य नावही नाही. नाव नसलेले एकक विसरायला फार सोपे.

सॉफ्टवेअरला यातले काही कळत नाही. ते एकके विचारतच नाही बहुधा. आकडे घेते आणि आकडे देते. पोलादाची घनता घनइंचाला ०.२८४ पाउंड, हा आकडा सगळ्या पुस्तकांत असतो. पण इंच-पाउंड-सेकंदात काम करताना तो ३८६ ने, म्हणजे इंचातल्या गुरुत्व त्वरणाने, भागून ०.०००७३५ असा भरावा लागतो. मिलिमीटर-न्यूटनमध्ये काम करणाऱ्याला वस्तुमान टनात द्यावे लागते आणि तिथे हीच घनता दशांश चिन्हानंतर आठ शून्ये घेऊन येते: ०.००००००००७८५. भागायचे राहून गेले तर नमुना ३८६ पट जड होतो. ताण-ताकदीच्या हिशेबात ते लगेच दिसतेच असे नाही, पण कंपनाच्या हिशेबात स्वाभाविक वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाने उतरते, म्हणजे जवळजवळ वीस पट. खरोखर ५९ हर्ट्झवर थरथरणारी पंपाची चौकट संगणकावर ३ हर्ट्झची दिसते. १,५०० फेऱ्यांची मोटर २५ हर्ट्झची. खऱ्या चौकटीची वारंवारता मोटरच्या वर होती, संगणकातली खाली गेली. डिझायनर नको तिथे पट्ट्या जोडत बसतो.

यावर उपाय वागळे इस्टेटमधला कुठलाही फॅब्रिकेटर सांगेल, कारण तो कोटेशन देताना तेच करतो: आधी वजन काढा. चौकटीला शंभर मिलिमीटरचे चॅनेल आठ मीटर लागले, मीटरला नऊ-साडेनऊ किलो, म्हणजे साधारण ७५ किलो. पाउंडात १६५. आता सॉफ्टवेअरला नमुन्याचे एकूण वस्तुमान विचारा. इंच-पाउंड-सेकंदाच्या नमुन्यात ते ०.४३ आले तर घनता बरोबर भरली गेली आहे. १६५ आले तर तो आकडा ओळखीचा आणि म्हणूनच बरोबर वाटेल. पण तेव्हाच घनतेच्या रकान्यात परत जायचे आणि ३८६ ने भागायचे.